केवडा नव्हता तो

शाळेतून निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात मला घरात अंबाडी लावायची लहर आली. चंद्रपूरचा मे महिना. पारा 45 च्या वर गेला तरी इथं त्याचं कुणाला नवल नाही. गच्चीवर रोप टिकत नाही, आणि टिकलंच तर वांदरं टिकू देत नाहीत. मुलानं पुण्याहून जांभळा उजेड पाडणारा एक एलईडी दिवा पाठवला होता. मागच्या खोलीत, पेपरांच्या गठ्ठ्यांशेजारी, दह्याच्या रिकाम्या डब्यांत 22 रोपं उगवली. पावसाळा लागेपर्यंत त्यांतली 8 उरली. गेलेल्या 14 पैकी रोगानं गेली ती दोनच. बाकीच्यांचा हिशोब माझ्या नावावर आहे. तो लिहून ठेवतो.

1. एका रात्रीत पान बिघडलं, तर रोपाची उपासमार होतेय असं समजू नये. भूक हळूहळू दिसते, माणसाचीही आणि रोपाचीही. हे मला फार उशिरा कळलं. एके दिवशी सकाळी पाहतो तर नऊ-दहा रोपांच्या पानांच्या कडा पापडासारख्या कुरकुरीत झालेल्या. मी चहासुद्धा न घेता कृषी केंद्र उघडण्याची वाट पाहत पायरीवर जाऊन बसलो आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी घेऊन आलो. तीन दिवसांनी रात्री दोनच्या सुमारास उकाड्यानं जाग आली. कुलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं, पंखा मात्र सुरू. बाहेरची कोरडी, भट्टीसारखी हवा तो थेट रोपांवर फेकत होता. वाळ्याची ताटी ओली असते तोवरच कुलर हा कुलर असतो; एरवी तो लू पिणारा आणि लू ओकणारा डबा. पुडी अजून कपाटात आहे.

2. कोणतं पान बिघडलं यापेक्षा कुठलं बिघडलं नाही, हे पाहणं जास्त उपयोगाचं. वरच्या प्रसंगात कुलरकडे तोंड असलेली पानं करपली होती, त्याच रोपांची मागची पानं हिरवीगार होती. सगळ्या रोपांना एकाच बाजूनं इजा झाली तर ती बाहेरून आलेली असते: वारा, ऊन, दिव्याची आच, फवारणीचा तुषार. मध्येच एखादं रोप, मग दोन सोडून दुसरं, असा प्रकार असेल तर कुणीतरी जिवंत पाहुणा आहे. पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. एका बाकावरच्या सगळ्या पोरांचं उत्तर सारखंच चुकलं की काय झालंय हे मला लगेच कळायचं. रोपांच्या बाबतीत ती अक्कल कुठं गेली होती कुणास ठाऊक.

3. अर्धवट ज्ञान अंबाडीला लाल कोळी या किडीपेक्षा घातक. माझ्या वहीतला हा सगळ्यात लाजिरवाणा अध्याय. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडू लागली. अंबाडी ही भेंडीच्याच कुळातली, आणि भेंडीवरचा केवडा मी लहानपणापासून पाहिलेला. पांढरी माशी त्याचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, औषध नाही, रोगट झाड उपटून टाकणं हाच इलाज. एवढं पाठ होतं. मोठ्या निर्धारानं मी सहा रोपं उपटली आणि पिशवीत बांधून लांबच्या कचराकुंडीत टाकून आलो. घरी येऊन साबणानं हात धुतले. साथ आटोक्यात आणल्याचं समाधान होतं.

माझा एक जुना विद्यार्थी कृषी सहायक आहे. तो सहज भेटायला आला. पिवळं पडू लागलेलं सातवं रोप त्यानं उजेडात धरलं आणि विचारलं, "सर, शिरा कोणत्या रंगाच्या आहेत?"

शिरा हिरव्या होत्या. मधला भाग पिवळा.

"केवड्यात उलटं असते नं सर. शिरा पिवळ्या, मधलं हिरवं."

हे लोहाचं दुखणं होतं. लोह रोपात एका जागी बसलं की हलत नाही, जुन्या पानातून नव्याकडे जात नाही, म्हणून टंचाई आधी शेंड्याला दिसते. नत्राचं याच्या नेमकं उलट: रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं, तिथं खालची पानं आधी पिवळी पडतात. मातीत लोह नव्हतं असं नाही. ते मुळांना घेता येत नव्हतं, कारण पाणी क्षारांचं होतं. आणि पाणी कुठलं? आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो. म्हणून घरात आरओ बसवलेला. त्यातून नळीनं बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी काटकसरी माणूस ते बादलीत धरून रोपांना घालत होतो. म्हणजे बोअरचे सगळे क्षार गाळून, घट्ट करून, निवडून काढून मी त्यांना पाजत होतो. वर पाणी वाचवल्याबद्दल घरात सगळ्यांना सांगूनही झालं होतं.

विद्यार्थी हसला नाही. तेवढे संस्कार बहुधा मीच केले असावेत.

4. बिघडलेलं पान पुन्हा सुधारत नाही. पाणी बदलल्यावर मी रोज सकाळी त्याच पिवळ्या पानांकडे पाहायचो आणि निराश व्हायचो. दुरुस्ती झाली का, ते त्यांच्या वर येणारं नवं पान सांगतं. दहा-बारा दिवसांनी ते हिरवं आलं.

5. लाडानं मेलेली रोपं चार. पाणी बदललं, नवं पान हिरवं दिसलं, मग माझ्या अंगात आईचा स्वभाव संचारला: अशक्त माणसाला दोन घास जास्त. डब्यामागे चहाचा एक चमचा युरिया. दह्याच्या डब्यात माती किती मावते याचा विचार मनात आला नाही. दोन दिवसांत पानांची टोकं जळली, मग कडा, मग पान आत वळलं. मातीत खताचा मिठासारखा जोर झाला की मुळं पाणी ओढू शकत नाहीत. माती ओली आणि रोप तहानलेलं, असा चमत्कार होतो. ते सुकल्यासारखं दिसलं म्हणून मी आणखी थोडं खत घातलं, हे इथं न लिहिता चाललं असतं. पण लिहिलं.

6. कमी पाण्यानं रोप माना टाकतं आणि जास्त पाण्यानंही. दोन्हींचा चेहरा एकच. धानाचे पऱ्हे पाण्यात उभे असलेले बघत मी लहानाचा मोठा झालो. रोप म्हटलं की पाणी, हे डोक्यात पक्कं. दोन रोपं जमिनीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन कोलमडली, तीच रोगानं गेलेली ती दोन. बुरशीचंच काम, पण चिखल कुणी केला? मूलकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईंनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "डब्बा उचलून पाहा जी गुरुजी. जड लागला का नाई द्याचं पानी." बोट मातीत खुपसून, नोंदी ठेवून, वेळापत्रक आखून जे जमलं नाही ते डबा उचलून जमलं.

7. चंद्रपुरात प्रत्येक गोष्टीवर धूळ हे उत्तर आहे. खिडकीच्या गजांवर काळी, पांढऱ्या सदऱ्यावर करडी. त्यामुळे पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके आले तेव्हा मी ओल्या फडक्यानं पानं पुसली, तीही वरूनच, आणि विषय संपवला. ठिपके वाढत गेले. शेवटी नातवाचं भिंग घेतलं, पान पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारली. कागदावर पडलेली धूळ चालू लागली. लाल कोळी. हवा जितकी कोरडी आणि गरम तितकी त्याची पिलावळ जोरात, आणि त्याचं घर पानाच्या खाली. पानं उलटी करून खालून पाण्याची धार मारायला लागलो, चार-चार दिवसांनी, तीनदा-चारदा. तेवढ्यानं भागलं. धुळीची मात्र मनातल्या मनात माफी मागितली.

8. सगळ्या बदलांना बिघाड म्हणायचं नसतं. अंबाडीची पहिली पानं अखंड, बदामाच्या आकाराची. मग एके दिवशी वरचं पान पंज्यासारखं फाटून आलं, त्याच्या वरचं पाच बोटांचं. मला घाम फुटला. वरोऱ्याकडे एका नातेवाइकाच्या शेतात मी कपाशीची पानं अशीच बोटांसारखी लांबट झालेली पाहिली होती. तणनाशकाचा पंप न धुता त्याच पंपानं कपाशी फवारली होती. टू-फोर-डीचा एवढासा अंशही कपाशीला सोसत नाही. मी आमचा फवारणीचा हातपंप हुंगून पाहिला. वास आला नाही म्हणून दोनदा धुतला. अंबाडी वयात आली की तिची पानं अशी होतात, एवढंच ते होतं. ज्या भाजीवर लहानाचा मोठा झालो तिचं उभं झाड मी कधी नीट पाहिलंच नव्हतं, फक्त जुडी.

त्याच आठवड्यात शेजारचे काका, खाणीतून निवृत्त झालेले, संध्याकाळी अंगणात आले. मागच्या खिडकीतून रात्रभर जांभळा उजेड, आत पंज्यासारख्या पानांची झाडं. बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही... पेन्शन तर बरी आहे नं?" मला कळायला वेळ लागला. गांजाची लागवड म्हणजे 1985 च्या कायद्यानं दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मी त्यांना हाताला धरून आत नेलं, एक पान तोडून खायला दिलं. आंबट लागल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. गंमत म्हणजे त्यांचा संशय अगदीच अडाणी नव्हता. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी जास्वंद. तिच्या वाखामुळे इंग्रजांनीही तिला दख्खनची हेम्प म्हटलं. सिरोंच्याच्या तेलुगू घरांत गोंगुरा म्हणून जी शिजते ती तिची सख्खी बहीण. त्या पानांकडे कुणी अशा नजरेनं पाहत नसेल.

9. पाहणं आणि पाहत राहणं यांत फरक आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या शेतात धानाच्या काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या, वर्षानुवर्षं. त्यातून एचएमटी तांदूळ आला. नाव त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. 2018 मध्ये ते गेले. आमच्या घरी रोज तो भात शिजतो आणि मी शाळेत त्यांच्यावर दोन-तीन भाषणं ठोकली आहेत. 'निरीक्षणशक्ती' हा शब्द त्यात हमखास असायचा. आणि मी शिरांचा रंग न पाहता सहा रोपं उपटली.

10. घरातून अंगणात नेणं ही रोपाची सासरची पाठवणी नाही, की एका दिवसात उरकली. पहिला पाऊस पडून उघडीप झाली तशी मी दोन रोपं थेट उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे. पानांवरचे पाण्याचे थेंब भिंगासारखे तापले असं मी ठरवून टाकलं, कारण ते शहाणपणाचं वाटत होतं. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये तपासून पाहिलं, तर गुळगुळीत पानांवरचे थेंब पान जाळत नाहीत. लव असलेल्या काही पानांची गोष्ट निराळी. दिव्याखाली वाढलेल्या पानाला सूर्य माहीत नसतो, इतकं ते सरळ होतं. उरलेली आठ मी आधी सकाळचा एक तास, मग दोन तास, अशी आठवडाभर बाहेर-आत केली. त्या आठवड्यात सौभाग्यवतींनी विचारलं की नातू लहान असताना हे डबे उचलणारे हात कुठं होते.

आठ रोपांची भाजी ती किती होणार! कण्या आणि चण्याची डाळ घालून, वर लसणाची फोडणी देऊन एक पातेलीभर झाली. ठिपक्यांची पानंही त्यातच गेली. शिजल्यावर कुठलं कोणतं ते कळलं नाही. एक वाटी शेजारी पाठवली. दुसऱ्या दिवशी काका वाटी परत द्यायला आले, इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बिया असतील तर द्या जी थोड्या."