चॉकलेटमधले सफरचंद आणि पाण्याचे वैर

काडीवर खोचून पाकात बुडवलेले सफरचंद हा अमेरिका आणि ब्रिटनमधील शरद ऋतूचा खाऊ आहे. सफरचंदाचा हंगाम तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरात भरात असतो. अमेरिकेत 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनला आणि ब्रिटनमध्ये 5 नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला ही सफरचंदे हमखास केली जातात. लाल पाकातल्या सफरचंदाचे श्रेय न्यू जर्सीतील नेवार्कचे मिठाईवाले विल्यम कोल्ब यांना दिले जाते. साल सांगितले जाते 1908. कॅरमेल आणि चॉकलेटचे प्रकार त्याच घराण्यातले. कडक पाक दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास चढवावा लागतो, चॉकलेट मात्र पन्नासच्या आतच वितळते. त्यामुळे घरी, मुलांना हाताशी घेऊन करायला चॉकलेटचा प्रकार बरा पडतो. तरीही तो वारंवार बिघडतो, आणि बहुतेक बिघाडांच्या मुळाशी पाणी असते. सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणी असते, चॉकलेटमध्ये जवळजवळ नसतेच. या दोघांना शेवटपर्यंत वेगळे ठेवणे हीच या कृतीतली खरी कसोटी.

फळ घट्ट, मध्यम आकाराचे आणि आंबटसर असावे. ग्रॅनी स्मिथ या हिरव्या जातीला म्हणूनच पसंती मिळते. तिच्या आंबटपणाने चॉकलेटचा गोडवा तोलला जातो. रवाळ, मऊ पडलेले सफरचंद काडीवर टिकत नाही. बाजारातल्या सफरचंदावर बऱ्याचदा मेणाचा पातळ थर असतो. त्यावर चॉकलेट धरत नाही, सालीवरून घसरून तळाशी जमते. उपाय सोपा आहे: फळ काही सेकंद कडकडीत पाण्यात बुडवून लगेच खरखरीत फडक्याने चोळून पुसावे. देठाजवळच्या खळग्यात हमखास पाणी राहते, तो कोपरा वेगळा टिपून घ्यावा.

फ्रिजमधून काढलेले सफरचंद तसेच बुडवू नये. थंड सालीवर हवेतली वाफ थेंबाथेंबाने जमते. शिवाय थंड फळावर चॉकलेट घाईने आळते, आणि फळ कोमट होऊ लागले की कवचाला तडे जातात. फळे काही तास बाहेर ठेवून, पुन्हा पुसून मगच काडी खोचावी. काडी देठाच्या बाजूने सरळ, फळाच्या निम्म्याहून अधिक खोल जावी, पण तळातून बाहेर येऊ नये. भोकातून रस झिरपला तर तोही टिपावा.

चॉकलेट वितळवताना पाण्याचे दोन-चार थेंब पडले तरी ते रवाळ, घट्ट गोळा होऊन बसते. त्यातले साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. असे फाटलेले चॉकलेट फळावर चढवायच्या कामाचे उरत नाही. कोमट दूध घालून त्याचा सॉस करता येतो, एवढेच. म्हणून भांडे, चमचा, हात सगळे कोरडे हवे. उकळत्या पाण्यावर भांडे ठेवून वितळवायचे असेल तर पाणी मंद आचेवर असावे, भांड्याच्या बुडाला लागू नये, आणि वाफ आत शिरू नये म्हणून वरचे भांडे खालच्यापेक्षा रुंद घ्यावे. मायक्रोवेव्हमध्ये थोडा-थोडा वेळ तापवून दर वेळी ढवळावे. चॉकलेट करपले तर ते सुधारता येत नाही.

कोको बटरच्या खऱ्या चॉकलेटला तापमानाची शिस्त लागते. नुसते वितळवून गार केलेले चॉकलेट मऊ, निस्तेज राहते आणि त्यावर पांढुरके चट्टे उठतात. घरगुती रीत अशी: दोन तृतीयांश डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवून आचेवरून उतरवावे, उरलेले बारीक चिरून त्यात घालावे आणि 31-32 अंशांवर येईपर्यंत ढवळावे. मिल्क चॉकलेट 45 अंशांच्या आतच वितळवावे आणि 29-30 अंशांवर वापरावे. सुरीच्या टोकावरचा थेंब काही मिनिटांत चकचकीत आळला, म्हणजे जमले. महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या उकाड्यात खोलीचे तापमानच अनेकदा तीसच्या वर असते. तिथे हा खटाटोप फळाला येत नाही. वनस्पती तेलापासून केलेले कंपाउंड चॉकलेट अशा वेळी वापरावे. चवीला ते उणे असते, पण नुसते वितळवून चालते.

बुडवायला अरुंद, खोल भांडे घ्यावे. फळ तिरके धरून फिरवावे, वर उचलून जादा चॉकलेट निथळू द्यावे आणि बुड भांड्याच्या कडेला पुसून बटर पेपरवर ठेवावे. निथळवण्यात घाई केली तर तळाशी जाड बैठक जमते. शेंगदाण्याचा कूट, भाजलेले तीळ किंवा खोबऱ्याचा कीस चॉकलेट ओले असतानाच लावावा.

तयार सफरचंद किती दिवस टिकते, याचे उत्तर काडीच्या भोकात आहे. 2014 च्या अखेरीस अमेरिकेत कॅरमेल लावलेल्या वेष्टित सफरचंदांमधून लिस्टेरिया जंतूंची बाधा पसरली; 35 जण आजारी पडले, काही दगावले. नंतरच्या प्रयोगांत दिसले की काडीमुळे झिरपलेला रस कवच आणि साल यांच्या मधोमध साचतो आणि खोलीच्या तापमानाला तेथे जंतू झपाट्याने वाढतात. काडी खोचलेल्या चॉकलेटच्या सफरचंदांतही रस तसाच झिरपतो. म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवावीत आणि दोन-तीन दिवसांत संपवावीत. फ्रिजमधून काढल्यावर कवचाला घाम सुटतो, तेव्हा बंद डब्यातच थोडी कोमट होऊ द्यावीत. गर्भवती स्त्रिया आणि वृद्धांसाठी त्याच दिवशी केलेले, काडी न खोचता फोडी करून बुडवलेले सफरचंद अधिक चांगले. अगदी लहान मुलांना काडीसह अख्खे फळ किंवा दाण्यांचे मोठे तुकडे देऊ नयेत. काडी काढून, पातळ फोडी करून द्याव्यात.