बिडीचा धूर आणि आखडलेली बोटे

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातली हिवाळ्याची पहाट डोळ्यांपुढे आणा. शेकोटीभोवती मंडळी बसली आहेत. एका आजोबांची बोटे सुजली आहेत. काडी ओढायलाही नातवाला हाक मारावी लागते. "थंडीनं हात आखडलेत. एक बिडी ओढली की बरं वाटतंय," आजोबा म्हणतात. हे कितपत खरे आहे?

सांधेदुखीचे प्रकार अनेक. वयोमानाने सांध्यातील कूर्चा झिजते, तो एक. आमवात हा त्याहून निराळा. शास्त्रीय परिभाषेत त्याला 'संधिवाताभ संधिशोथ' म्हणतात. रोगजंतूंशी लढणारी शरीराची संरक्षक यंत्रणाच यात सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात.

मग सांध्यांचा आणि बिडीचा संबंध काय? धूर तर फुप्फुसांत जातो! खरी गंमत इथेच आहे. धुरामुळे फुप्फुसांचा दाह होतो आणि तेथील काही एंझाइमे अधिक कार्यशील होतात. ती प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. अशी बदललेली प्रथिने काहींच्या शरीराला परकी वाटतात व त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच ती रक्तात आढळू शकतात. स्वीडनमधील लार्श क्लारेस्कॉग व सहकाऱ्यांनी २००६ साली ही उपपत्ती मांडली. विशिष्ट आनुवंशिक घटक असलेल्यांना धूम्रपानाचा धोका फार अधिक असतो, असे त्यांना दिसले.

मात्र धूर हे एकमेव कारण नव्हे. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि आपल्याकडील बहुतेक रुग्ण स्त्रियांनी बिडीला कधी हातही लावलेला नसतो. म्हणून रुग्णाला दोष देणे चूक आहे.

"मग तंबाखू मळून खाल्ली तर?" असे कोणी विचारील. स्वीडनमधील ओल्या तपकिरीच्या पाहणीत आमवाताचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे मुख्य संशय धुरावर आहे. पण तंबाखू चघळल्याने तोंडाचा कर्करोग होतो. आगीतून फुफाट्यात जाण्यात शहाणपण नाही.

आता आजोबांकडे वळू. बिडी ओढल्यावर त्यांना बरे वाटते, कारण निकोटीनची तलफ भागते आणि दुखण्यावरून मन घटकाभर दूर जाते. सूज मात्र तशीच राहते. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांना मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचा गुण कमी येतो, असे आढळले आहे. आमवाताने हृदयविकाराचा धोका आधीच वाढलेला असतो. बिडी त्यात भर घालते.

बिडी सोडल्याने वाकलेली बोटे सरळ होत नाहीत, औषधेही चालू ठेवावी लागतात. पण हृदय व फुप्फुसे यांचा लाभ निश्चित आहे. ज्यांना आमवात झालेला नाही, त्यांचा धोका बिडी सोडल्यावर वर्षानुवर्षे हळूहळू उतरत जातो.

सोडताना पहिले काही दिवस कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बहुधा ओसरतो. तोवर शेकण्यासाठी कोमट पाणी, बोटांचा हलका व्यायाम आणि घरच्यांची सोबत हवी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. काडी ओढून देणारा नातूच हा क्रमांक लावून देऊ शकेल!

विचार करा :
१. धूर फुप्फुसांत जातो, मग सांधे का सुजतात?
२. बिडी ओढल्यावर 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' यांत फरक कोणता?