दसऱ्याचा उपास गणपतीत कसा आला?

प्रश्न : आमच्या मजल्यावर एक ज्यू कुटुंब राहतं. आडनाव '-कर'नं संपणारं, बोलणं आमच्यासारखंच. गेली दोन वर्षं त्यांच्या घरी बरोबर दसऱ्याच्या दिवशी कडक उपास होता, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. यंदा २०२६ मध्ये तो उपास गणपतीत येतोय म्हणे. हे तिथीप्रमाणे असतं की कसं? त्यांना विचारायला संकोच वाटतो.
— एक वाचक, माजिवडा

उत्तर : ताई, तुमच्या मजल्यावरची ती बाई मीच नसेन अशी आशा करते. असले, तर बेल वाजवायची सोडून तुम्ही पत्र लिहीत बसलात याचा मला राग येईल.

तिथीप्रमाणेच असतं. फक्त तिथी आमची. माझ्या स्वयंपाकघरात तुमच्यासारखंच मराठी कॅलेंडर टांगलेलं आहे, आणि वर्ष सुरू झालं की हिब्रू तारखा बघून मी त्यात पेन्सिलीनं खुणा करते. खूण नेहमी आदल्या दिवशीच्या चौकोनात. तुमची तिथी सूर्योदयाची धरतात, आमचा दिवस मावळतीला सुरू होतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट शिकवली ती ही : सण उद्या असेल तर स्वयंपाक आज चारच्या आत उरकायचा.

आता महिन्यांचा घोळ. बारा चांद्र महिन्यांचे दिवस होतात साधारण ३५४. सूर्याच्या वर्षाला ११ दिवस कमी पडतात. तसंच सोडून दिलं तर सण ऋतूंमधून फिरत राहतात, रमजान फिरतो तसे. तुमच्या पूर्वजांनी सण फिरू दिले नाहीत, आमच्यांनीही नाहीत. दोघांनीही अधिक महिना घातला, आणि दोघांचाही हिशेब १९ वर्षांत ७ वेळा असाच येतो. पण तुमचा अधिक महिना जागा बदलतो. ज्या महिन्यात संक्रांत पडत नाही तो अधिक. आमचा ठरलेला आहे. अदार महिनाच दोनदा घ्यायचा, म्हणजे फाल्गुनाच्या आसपास.

एरवी दोन्ही पंचांगं हातात हात घालून चालतात. आमचं नवं वर्ष, रोश हाशाना, तिशरी महिन्याच्या पहिल्या दिवशी, तुमच्या घटस्थापनेच्या मागेपुढे. दहाव्या दिवशी योम किप्पूर, तो दसऱ्याला. २०२४ मध्ये दोन्ही १२ ऑक्टोबरला आले, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. पौर्णिमेला आमचा सुक्कोथ लागतो तेव्हा तुमच्याकडे कोजागरीचं दूध आटत असतं. यंदा मात्र तुमचा अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्येच झाला, जावयांना धोंडे खाऊ घालून झाले. आमचा अधिक अदार २०२७ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात आम्ही तुमच्या एक महिना पुढे निघून गेलेलो. म्हणून तुमचा भाद्रपद तो आमचा तिशरी. २०२३ मध्येही असंच झालं होतं, तेव्हा अधिक श्रावण होता. पुढच्या मार्चमध्ये आमचा पुरीम पुन्हा होळीला येऊन मिळेल. आमच्या कोकणातल्या पूर्वजांनी त्याचं नावच 'होळीचा सण' ठेवलं होतं.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण मला यातली खरी गंमत तिथेच वाटते. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटक्या गलबतातून लागले, सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले, असं घराघरात सांगतात. पुढे ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. हिब्रू पुष्कळशी विसरली, सण राहिले, आणि सणांना मराठी नावं पडली. रोश हाशाना तो 'नव्याचा सण'. सुक्कोथच्या सुमाराला 'खिरीचा सण'. एका उपासाला बिरडं खायचं म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'. रोजा हा शब्द शेजारच्या मुसलमानांचा, बिरडं तर सगळ्या कोकणाचंच. आमच्या आज्या सिनेगॉगला मशीदच म्हणायच्या. जो धर्मग्रंथांत शोधूनही सापडणार नाही असा इतिहास या चार-पाच शब्दांत आहे.

आणि योम किप्पूर तो 'दारफाळणीचा सण'. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, कुणाकडे जायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही. तुमच्या शेजारणीनं त्या दिवशी दार उघडलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. तेव्हा जा.

गावात दार लावलं की शांतता व्हायची. माजिवड्यात दार लावून काय होणार? यंदा किप्पूर रविवारी २० सप्टेंबरला सूर्यास्ताला लागतो, आणि त्याच संध्याकाळी सात दिवसांचे गणपती निघणार. ठाण्याचं आमचं सिनेगॉग, शार हाशमायिम, १८७९ सालचं, टेंभी नाक्याच्या बाजूला. गेली दोन वर्षं तिथल्या नवरात्राच्या गर्दीतून वाट काढली, यंदा मिरवणुकांतून काढायची. नियमानं त्या दिवशी चालत जायला हवं. मी रिक्षानं जाते, हे इथे छापून आलं तरी चालेल. मेट्रोच्या खांबांखालून तिथपर्यंत उपाशीपोटी चालून दाखवा, मग मला नियम सांगा.

प्रश्न : त्यांना मोदक दिले तर चालतील का?
— त्याच वाचक

उत्तर : चालतील, पण दोन गोष्टी सांभाळा. नैवेद्य दाखवलेलं आम्ही खात नाही. माझी शेजारीण उकडीचे पहिले पाच मोदक आधीच डब्यात काढून ठेवते, गेली कित्येक वर्षं, आणि त्याची दोघींनी कधी चर्चा केलेली नाही. दुसरं, मोदकावर तूप असतं. दूध-दुभतं आणि मटण आम्ही एका जेवणात घेत नाही, त्यामुळे दुपारी मटण झालं असेल तर मोदक संध्याकाळपर्यंत डब्यातच राहतो. याच कारणानं आमचं सगळं स्वयंपाकघर नारळावर चालतं. कालवणाला नारळाचं दूध, गोडालाही तेच. बाजारात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आम्हाला बाद. पापलेट, सुरमई घ्या.

परतफेडीला चिकाचा हलवा येईल. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, वाटून चीक काढायचा, नारळाच्या दुधात साखर घालून तो घट्ट होईपर्यंत ढवळत उभं राहायचं. हल्ली पुष्कळ जणी चायना ग्रासवर भागवतात. खायला बरा लागतो, पण त्याला हलवा म्हणू नये.

प्रश्न : तुम्ही लोक कधी जाणार इस्रायलला?
— कापूरबावडीचे एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून विचारला जातोय. गेले ते गेले. देश स्वतंत्र झाला तेव्हा इथे पंचवीस हजारांच्या आसपास ज्यू होते, २०११ च्या जनगणनेत देशभर पाच हजारही भरले नाहीत. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आठ जमले की नववा-दहावा कुठे अडकला म्हणून फोन सुरू होतात. बायका कितीही असल्या तरी मोजत नाहीत. याबद्दल माझं मत आहे, ते सिनेगॉगमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

माझी बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला आहे. तिच्या घरात अजून मराठीच बोलतात. ७ ऑक्टोबर २०२३ ला शनिवार होता आणि सणही. आमच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते, टीव्हीवर इस्रायलवरच्या हल्ल्याची बातमी आली. बहीण शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळते, फोनला हात लावत नाही. अंधार पडेपर्यंत मी भांडी घासत होते, घासलेलीच पुन्हा. गेल्या वर्षी जूनमध्ये इराणशी बारा दिवस युद्ध झालं तेव्हा ती भाचरांना घेऊन निवाऱ्याच्या खोलीत झोपायची. गाझातल्या बायांना तशी खोलीही नव्हती, हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला." भाजीच्या गाडीपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत लोक मला नेतान्याहूंचा खुलासा विचारतात. मला माजिवड्याच्या पुलाखालच्या ट्रॅफिकचासुद्धा खुलासा करता येत नाही.

जाण्याचं म्हणाल, तर सध्या तरी गहू आणायला जायचंय. शुक्रवारी ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी नव्याचा सण लागतो, म्हणजे गहू मंगळवारीच भिजले पाहिजेत. आणि ताई, गणपती सोमवारी १४ तारखेला येतायत. मोदकाचा डबा परत करताना रिकामा द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.