पिकअप घ्यायची, पण केवढी?
(शेतकी विभागाकडून – ऊस विकास अधिकारी)



एरवी या पानावर आपण लागण, खोडवा, बेणे आणि खताचे डोस यावरच बोलतो. या खेपेस विषय गाडीचा आहे. कारण असे झाले की, गट ऑफिसात एक जुने सभासद आले. मुलगा टेक्सासात नोकरीला. त्याने तिकडे भली थोरली पिकअप घेतलेली, तिचा फोटो मोबाइलवर दाखवून म्हणाले, "साहेब, पोरगा म्हणतोय निम्मे पैसे मी पाठवतो, निम्मे तुम्ही ऊसबिलावर कर्ज काढा, आणि अशीच एक गाडी आपल्या शेतीला घ्या. काय करू?" मी म्हटले, आधी ती गाडी काय आहे ते समजून घेऊ. मग पाहू.

फोटोतली गाडी फोर्ड एफ-१५०. अमेरिकेत फोर्डची एफ मालिका १९४८ साली निघाली, आणि १९७७ पासून ती तिथली सर्वांत जास्त खपणारी पिकअप आहे. हिला तिकडे 'फुल साइज', म्हणजे पूर्ण आकाराची म्हणतात. तिच्याखालोखाल 'मिड साइज', म्हणजे मधल्या आकाराची: टोयोटाची टॅकोमा, फोर्डचीच रेंजर, शेव्हरोलेची कोलोरॅडो. आता गंमत बघा. आपल्याकडे २०२२ पासून मिळणारी टोयोटा हायलक्स किंवा इसुझूची डी-मॅक्स रस्त्यावरून गेली की आपण मान वळवून बघतो, केवढी मोठी म्हणून. अमेरिकेच्या मापाने त्या दोन्ही मधल्या आकारात बसतात. आपली मोठी ती त्यांची मधली! एफ-१५० तर फोर्डने आपल्याकडे कधी विकायला ठेवलीच नाही, आणि २०२१ साली फोर्डने भारतातले गाड्यांचे उत्पादनच बंद करायचे ठरवले. तेव्हा 'अशीच एक' हा प्रश्न तिथेच मिटला. पण मधली का मोठी, हा हिशोब मात्र आपल्याही कामाचा आहे.

मापे पाहू. चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची एफ-१५० लांबीला सव्वाएकोणीस फुटांच्या वर जाते आणि रुंदीला सहा फूट आठ इंच भरते. दोन्ही बाजूंचे आरसे धरले तर जवळजवळ आठ फूट. २०१९ ची रेंजर साडेसतरा फूट लांब आणि सहा फूट एक इंच रुंद. फरक लांबीत पावणेदोन फूट आणि रुंदीत सहा-सात इंच. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण ज्याने भरली टायरगाडी दोन बांधांमधून काढली आहे, त्याला सहा इंच म्हणजे काय ते मी सांगायला नको. अमेरिकेतही लोक मधली गाडी घेतात ती याच कारणाने. घराच्या गॅरेजमध्ये शिरते, शहरात उभी करायला जागा मिळते, जंगलातल्या अरुंद वाटेने झाडाला न घासता जाते, आणि हौद्याचा काठ खाली असल्याने बाजूला उभे राहून हात घालून सामान उचलता येते. मोठ्या गाडीत बऱ्याच जणांना त्यासाठी चाकावर पाय देऊन चढावे लागते.

इंधनात फार वाचते असे समजून कोणी मधली घेत असेल तर तो फसतो. पेट्रोलवर मधली गॅलनला साधारण २० ते २३ मैल जाते आणि मोठी १९ ते २२. म्हणजे दोघीही लिटरला आठ ते दहा किलोमीटर. सुरुवातीच्या किमतीतही काही हजार डॉलरचाच फरक. याच कारणाने फोर्डने जुनी छोटी रेंजर २०११ अखेर अमेरिकेत बंद केली होती. थोडे पैसे घातले की मोठी मिळते, मग छोटी कोण घेणार, असा विचार. पुढे मोठ्या गाड्या इतक्या वाढल्या की खाली जागा रिकामी पडली, आणि २०१९ साली रेंजर परत आणावी लागली. परत आली ती मात्र पहिल्यापेक्षा थोराड होऊन.

आपल्या कोंबडीपालक सभासदांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर बसला, तो कोंबडीमुळे. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला, म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये उलट कर लावला. रोख जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. कोंबडीचे भांडण कधीच विसरले गेले, कर काही उठला नाही. परदेशातली लहान आणि स्वस्त पिकअप त्या बाजारात रुजली नाही, त्याचे हे एक मोठे कारण. म्हणजे तिकडे मोठ्या गाड्या दिसतात त्या सगळ्या शेतकऱ्याच्या गरजेनेच वाढल्या असे नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे जरा सावकाश वाचावे. गाडी किती ओढते आणि गाडी किती वाहते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली पिकअप ३,००० ते ३,५०० किलोचा ट्रेलर ओढते; मोठी, योग्य इंजिन असेल तर, ५,००० किलोच्या वर. पण अंगावर वाहायचे वजन? मधलीचे ५०० ते ७५० किलो. मोठीचे बहुतेक ७०० ते १,००० किलो, खास बांधणी घेतली तर आणखी. आणि या आकड्यात माणसेही आली! तिकडच्या प्रत्येक गाडीला ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो; माणसे आणि माल मिळून किती वजन चालेल ते त्यावर छापलेले असते. समजा, एका मधल्या गाडीवर ५४४ किलो लिहिले आहे. पाच माणसे बसली, ७५ च्या हिशोबाने ३७५ किलो झाले. राहिले १६९. म्हणजे डीएपीची तीन पोती. चौथे टाकले की गाडी हद्दीबाहेर.

ट्रेलर जोडला की हिशोब आणखी बिघडतो. बैलगाडी भरताना आपण काय बघतो? भार मागे गेला तर गाडी उलार होते, पुढे आला तर बैलांच्या मानेवर बसतो. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवतो. ३,००० किलोचा ट्रेलर असेल तर बारा टक्क्यांनी ३६० किलो हुकावर आले. दोन माणसांचे १५० धरा. झाले ५१०. त्या ५४४ वाल्या गाडीत आता एक पोतेही बसत नाही, जरी 'ओढण्याच्या' आकड्याने ती अजून हद्दीत असली तरी. ज्याला आठवड्यातून दोनदा जनावरांचा ट्रेलर बाजारला न्यायचा आहे, त्या टेक्सासच्या शेतकऱ्याने मोठी गाडी घेतली तर ती चैन नव्हे. पण ज्याचा ट्रेलर वर्षातून एकदा हलतो, तो बाकीचे ३६४ दिवस रिकामा हौदा फिरवतो.

मोठीचा एक खरा फायदा सांगितलाच पाहिजे. तिकडे प्लायवूडचा पत्रा चार फूट बाय आठ फूट असतो. मोठीच्या हौद्यात दोन चाकांच्या उंचवट्यांमध्ये ५० इंच जागा असते, तो सपाट बसतो. बऱ्याच मधल्या गाड्यांत ही जागा ४५ इंचांच्या आत, म्हणून तो उंचवट्यांवर आडवी फळी टाकून ठेवावा लागतो. सुतारकाम करणारे यावरूनच गाडी ठरवतात. आम्ही ऊसवाल्यांनी बेण्याच्या मोळीवरून ठरवावी!

आता आपल्याकडे या. त्या सभासदांना मी विचारले, वर्षभर काय वाहणार? म्हणाले, खत, ठिबकच्या नळ्या, पेंड, दुधाचे कॅन, कधी बेणे. ऊस तर तोडणी-वाहतुकीच्या गाडीने कारखान्यात जातो, तो पिकअपमध्ये घालायचा प्रश्नच नाही. या कामाला चार दारांची परदेशी घाटाची गाडी काय करणार? २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, पाऊण टनाची होती. आपल्या साध्या पिकअप दीड टनाच्या आसपास वाहतात. किंमत त्या रुबाबदार गाडीपेक्षा कितीतरी कमी. मग मोठेपणा कशात धरायचा, बॉनेटमध्ये का हौद्यात? ते हसले, पण चेहऱ्यावरून कळले की पोराला कसे सांगायचे याची चिंता आहे. ती खरी चिंता. घरात मुलगा हौसेने पैसे पाठवतो म्हणतो, तेव्हा नको म्हणणे सोपे नसते. मी म्हटले, पोराला फोन करून एवढेच विचारा, तुझ्या गाडीच्या दाराच्या खांबावरचा आकडा किती? त्याने अजून पाहिलाच नव्हता, असे ते परवा सांगून गेले.

ज्या कोणाच्या मनात या हंगामाच्या बिलातून गाडी घ्यायचे आहे, त्यांनी शोरूमला जाण्याआधी आपल्या पाणंदीची सर्वांत अरुंद जागा आणि वळणावरच्या बांधाची रुंदी मोजून घ्यावी. पावसाळ्यातली मोजावी, उन्हाळ्यातली नको. शोरूममध्ये गाडीची आरशासकट रुंदी आणि माणसे धरून किती किलो, हे दोन आकडे लिहून मागावेत. गट ऑफिसात पन्नास फुटी टेप आहे. चिटबॉयकडे सही करून न्यावी आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावी. मागच्या वर्षीची एक अजून यायची आहे.