ट्रॅक्टर धुतलेले पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका



खंडेनवमी आली की ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि अवजारे धुण्यासाठी ओढ्यावर गर्दी होते. वर्षभरही चिखलाने माखलेला ट्रॅक्टर सरळ पाण्यात उभा करण्याची पद्धत आहे. त्याच ओढ्यावर खाली जनावरे पाणी पितात आणि काठच्या विहिरींना त्याचाच पाझर लागतो.

नुकसान कसे होते?

साबणामुळे माशांच्या कल्ल्यांना इजा होते. ग्रीस व डिझेलचा तवंग पाण्यात हवा मिसळू देत नाही. स्फुरदयुक्त पावडरमुळे शेवाळ व जलपर्णी फोफावते. धुण्याच्या सोड्यातील सोडियममुळे काळ्या जमिनीची घडण बिघडते, पृष्ठभाग कडक होतो व निचरा मंदावतो. म्हणून हे पाणी जसेच्या तसे शेतात सोडणेही योग्य नाही.

धुण्यापूर्वी

साबण तेलाला पाण्यात मिसळवून टाकतो. मग ते वेगळे करणे अवघड जाते. यासाठी ग्रीस प्रथम चिंधीने किंवा लाकडाच्या भुशाने पुसून घ्यावे. चिखल साध्या पाण्याने काढावा. शेवटी बादलीत थोडा स्फुरदविरहित साबण घेऊन धुवावे.

शुद्धीकरणाची सोय

दररोज सुमारे 300 लिटर पाण्यासाठी पुढीलप्रमाणे रचना करावी. जागा विहीर व हातपंपापासून किमान 50 फूट दूर, उताराच्या बाजूस असावी.

1. ओटा : 15 × 10 फूट, दर 10 फुटांस 2 ते 3 इंच उतार.

2. गाळाची टाकी : 3 × 2 फूट, पाण्याची खोली 2 फूट. यात सुमारे 340 लिटर पाणी मावते. माती तळाशी बसते.

3. तेलाची टाकी : माप तेच. बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून एल्बो लावून तोंड खाली, तळापासून 6 इंचांवर ठेवावे. तेल वर तरंगत राहते व खालचे पाणी पुढे जाते.

4. खडीचा वाफा : 10 × 4 फूट, पाण्याची खोली 2 फूट. तळाला सिमेंट किंवा शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद वापरावा. दोन्ही टोकांस दगडगोटे, मध्ये पाऊण इंची खडी भरून कर्दळ किंवा पाणकणीस लावावे. खडीतील पोकळी 40 टक्के धरल्यास सुमारे 900 लिटर पाणी मावते, म्हणजे पाणी तीन दिवस थांबते. खडीवरील व मुळांवरील जिवाणू साबणाचे विघटन करतात. पाण्याची पातळी खडीच्या 2 इंच खाली ठेवावी, म्हणजे डास होत नाहीत.

देखभाल

गाळ दर महिन्याला काढावा. तवंग डब्याने काढून बंद डब्यात साठवावा व जुने तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकास द्यावा. कापलेली कर्दळ जनावरांना घालू नये. पावसाचे पाणी ओट्यावरून वाफ्यात शिरणार नाही अशी चर काढावी.

बाहेर पडणारे पाणी बांबू किंवा शोभेच्या झाडांना आलटून पालटून द्यावे. भाजीपाल्यास देऊ नये. जमिनीवर पांढरा थर दिसल्यास जागा बदलावी.

हे टाळा

फवारणी पंप या ओट्यावर धुऊ नये. कीटकनाशकाने वाफ्यातील जिवाणू मरतात आणि विषही पुढे जाते. पंप धुतलेले पाणी फवारलेल्या पिकावरच फवारावे. इंजिनचे जुने तेल टाकीत ओतू नये.

जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1974 पासून आहे. परंतु कायद्यापेक्षा आपल्याच गोठ्यातील जनावरे व आपलीच विहीर यांसाठी ही काळजी घ्यावयाची आहे. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक ओटा बांधल्यास खर्चही विभागला जाईल. येत्या दसऱ्यापूर्वी सुरुवात करावी.