बंदूक भरली केव्हा?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने खानदेशातील भिल्ल पलटणीवर एक छोटी नाटिका बसविली होती. लेखन आमचेच, दिग्दर्शन आमचेच आणि त्यामुळे चुकाही आमच्याच. मी कंपनी सरकारचा शिपाई झालो होतो. अंगात लाल डगला, खांद्यावर सुताराकडून करवून घेतलेली लाकडी बंदूक. पडद्यामागे एका मित्राने फटाक्यांची माळ पेटविली आणि मी एका दमात पाच बार काढले. पाच भिल्ल आडवे झाले. टाळ्याही चांगल्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांनी व्हरांड्यात गाठले. "काय शिपाईबुवा, पाच बार काढलेत ते पाहिले. पण बंदूक भरली केव्हा?"

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून जाईना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमची नाटिका १८२५ सालची. त्या काळच्या कंपनीच्या शिपायाच्या हाती असे ती चकमकीची बंदूक. हिंदुस्थानी भाषेत तिला पथरकला म्हणत. आपण बोलताना सरसकट 'रायफल' म्हणून मोकळे होतो, पण ती रायफल नव्हे. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्रासारखे चर पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. शिपायाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. चराच्या नळीत गोळी घट्ट बसवावी लागते व भरायला फार वेळ जातो, म्हणून सर्वसाधारण शिपायाला ती देत नसत. गंमत म्हणजे हा बंदुकीचा नमुना मुळात ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी ठरविलेला. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा ब्रिटिश सैन्याने तोच उचलला. त्याचे नाव 'इंडिया पॅटर्न' असेच राहिले. वाटर्लूच्या रणांगणावर जी बंदूक वाजली, तिचीच बहीण धरणगावच्या कवायतीच्या मैदानावर होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तिची नळी ३९ इंच, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब. वजन साडेचार किलोंच्या आसपास. नळीच्या मागच्या बाजूस एक बारीक छिद्र असते, त्याला कान म्हणतात. कानाशेजारी लहानशी वाटी, तीत चिमूटभर दारू. तिला रंजक म्हणतात. वर घोडा, आणि घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गार. चाप ओढला की घोडा पुढे आपटतो, गार पोलादी पत्र्यावर घासते, पत्रा मागे उलटून वाटी उघडी पडते, ठिणग्या रंजकावर पडतात आणि कानातून ज्वाळा आत जाऊन मुख्य दारू पेटते. ह्यात वाऱ्याने रंजक उडाले, दवाने ओले झाले, गार बोथट झाली किंवा कान बुजला, तर बार फुकट. एक गार साधारण वीस-तीस बार टिके.

हे सारे वाचताना मला आमच्या गावचा एक म्हातारा गुराखी आठवला. त्याच्या चंचीत गारगोटी, लोखंडाचा वाकडा तुकडा आणि कापूस असे. एका टोल्यात तो विडी पेटवी. सातपुड्यातल्या भिल्लालाही ही विद्या नवी नव्हती. साहेबाची बंदूक म्हणजे त्याच्या कमरेची चकमकच. फक्त तिला नळी आणि दस्ता जोडलेला. आपली भाषा तर ते अजून विसरलेली नाही. सैन्याच्या दोन तुकड्या भिडल्या की आपण चकमक उडाली म्हणतो आणि सभेत वक्ता पडला की फुसका बार म्हणतो. 'ठासून भरणे' हे मात्र बंदुकीकडून आलेले नाही; ठासणे आधीचे, ठासणीची बंदूक नंतरची. मोहाने मी तेही यादीत घातले होते, मराठीच्या बाईंनी काढावयास लावले.

चकमकीची बंदूक आली म्हणून तोड्याची बंदूक लगेच गेली असेही नाही. १८१८ च्या मे-जून महिन्यांत मालेगावच्या किल्ल्यात अरबांनी इंग्रजांना महिनाभर झुंजविले. अरब शिपायांची भिस्त होती ती जळत्या वातीच्या, तोड्याच्या बंदुकीवर. ती भरायला सावकाश, पण तिच्यात नाजूक कमान नाही. बिघडली तर गावचा लोहार दुरुस्त करी. चकमकीच्या घोड्याला उत्तम पोलादाची कमान लागते. ती मोडली की कारखान्याचे तोंड पाहावे लागे. जुने ते मागासलेले असे समजण्याची आपल्याला जी सवय आहे, ती येथे जरा आवरावी लागते.

आता भरण्याविषयी. वाचून नीट कळेना, म्हणून मी व माझा मित्र वसतिगृहाच्या गच्चीवर प्रयोगास लागलो. (खरी बंदूक हाती धरण्याचा प्रश्नच नव्हता. १९५९ च्या शस्त्र कायद्याची भीती आम्हांसही आहे.) लाकडी बंदुकीवर नळाचा प्लास्टिकचा पाइप बसविला, वजनासाठी वाळूची पिशवी बांधली. कागदाच्या पुड्यांत दारूऐवजी रांगोळी आणि गोळीऐवजी खेळायची गोटी. मग सुरुवात. पुडी काढा, तिचे टोक दाताने फाडा, चिमूटभर वाटीत टाका, वाटी झाका, दस्ता जमिनीस टेका, उरलेली पुडी नळीत ओता, गोटी व कागद वर घाला, गज उपसा, ठासा, गज परत जागी घाला, घोडा पूर्ण मागे ओढा, नेम धरा. पहिल्या वेळी मला पावणेदोन मिनिटे लागली आणि तोंडभर रांगोळी गेली. त्या काळी खरोखरीची दारू तोंडात जाई. ती खारट, कारण तिच्यात तीन हिस्से सोराच असतो. लढाईत शिपायांची तोंडे काळी होत आणि तहानेने जीव जाई, तो का, हे मला त्या गच्चीवर कळले.

आठवडाभराच्या सरावानंतर मी चाळीस सेकंदांवर आलो. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी, म्हणजे वीस सेकंदांना एक. माझा मित्र शिरपूर तालुक्यातला. त्याच्या आजोबांकडे तीरकामठा आहे, बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. त्याने नुसता हात मागे ओढून बाण सोडण्याचा अभिनय केला. माझी बंदूक एकदा भरून होईतो त्याचे सात बाण सुटले होते! गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम म्हणजे दैवाधीन काम. मग ह्या शस्त्राने तीरकामठ्याला हटविले कसे?

मला सुचलेले उत्तर असे. एकटी बंदूक हटवीत नव्हती. रांग हटवीत होती. शंभर जणांनी एका हुकुमासरशी बार काढला की नेमाची गरज राहत नाही, आणि बंदूक चालवायला कवायतीचे काही महिने पुरतात. तिरंदाज व्हायला बालपण खर्चावे लागते. १८१८ नंतर सात वर्षे सरकारने डोंगरातल्या नायकांवर फौजा पाठवून पाहिल्या. कपारीत, झाडीत रांग धरता येत नाही, पावसाळ्यात रंजक ओले होते. काम काही आटोपेना. तेव्हा १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले. जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाला धरणगावास नेमले. डोंगरातल्या तिरंदाजाला सपाटीवर रांगेत उभे करणे, हे त्याचे काम.

हा आउट्रम त्यांच्यात मिसळला तो शिकारीतून. त्याच्या चरित्रकाराने, गोल्डस्मिडने, दिलेला हिशोब थक्क करणारा आहे: १८२५ ते १८३४ ह्या काळात ह्या शिकारी मंडळींच्या हातून २३५ वाघ पडले, त्यांतले १९१ पडले तेव्हा आउट्रम स्वतः हजर होता. आमच्या नाटिकेत आम्ही हा आकडा मोठ्या अभिमानाने घोषित केला होता! बंदूक भरून पाहिल्यानंतर तो मला वेगळा दिसू लागला. एक बार काढल्यावर नळी रिकामी. वाघ जखमी होऊन उलटला तर वीस सेकंद थांबेल काय? म्हणून शिकारी भरलेल्या बंदुका जास्तीच्या ठेवीत, त्या हाती देणारा माणूस मागे उभा असे. माग काढणारे तर पायी, वाघाच्या सर्वांत जवळ. ही माणसे भिल्ल होती. १९१ च्या पुढे एकच नाव आहे. आणि तेवढे वाघ ज्या खानदेशात होते, त्या खानदेशात आज डोलारखेड्याकडे एखादा वाघ दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. शिकारीला बंदी आली ती १९७२ च्या कायद्याने.

चकमकीचा काळ लवकरच सरला. १८३४ मध्ये वुलिच येथे जुन्या व नव्या बंदुकांची परीक्षा झाली. सहा-सहा हजार बार काढले. चकमकीच्या बंदुकीचे ९२२ फुकट गेले, केपाच्या बंदुकीचे अवघे ३६. पुढच्या दहा वर्षांत ब्रिटिश सैन्याने केप स्वीकारला. त्यामुळे ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईक आणि भीमा नाईक ह्यांच्या लोकांसमोर जी फौज होती, तिला रंजक ओले होण्याची वाट पाहावी लागत नव्हती. खाज्या नाईक एके काळी सेंधव्याच्या घाटात सरकारी चाकरीतच होते. त्यांच्या पाठलागावर सुटलेल्या फौजांत भिल्ल पलटणही होती. ही गोष्ट लिहिताना माझे मन अडखळते, पण नाटिकेतून ती गाळणे खोटेपणाचे ठरेल.

परदेशात अशा जुन्या बंदुकांचे शौकीन रीतसर स्पर्धा भरवितात. त्यांची आंतरराष्ट्रीय समिती १९७१ पासून आहे. गुळगुळीत नळीच्या चकमकीच्या बंदुकीची 'मिक्वेलेट' नावाची स्पर्धा असते: अंतर ५० मीटर, तीस मिनिटांत तेरा बार, त्यांतले उत्तम दहा मोजायचे. तेरा बारांना अर्धा तास! मी रंगमंचावर पाच बार दहा सेकंदांत काढले होते.

यंदा तीच नाटिका आम्ही पुन्हा बसवीत आहोत. शिपायाचा आता एकच बार आहे, आणि तो भरण्याची सगळी क्रिया प्रेक्षकांसमोर होते. तालमीत माझ्या मित्राने विचारले, "तू भरीत असताना मी समोर तीरकामठा घेऊन उभा. एवढा वेळ मी करू काय?" सर म्हणाले, "तोच तर प्रवेश आहे. दोघे एकमेकांकडे पाहा." पहिल्या तालमीत मुले हसली, दुसऱ्या तालमीत हसली नाहीत. शेवटी मी चाप ओढतो, ठिणगी पडते आणि बार होतच नाही. सातांतला एक तसा जाणारच. फटाके लावणाऱ्या मित्राला त्यामुळे काम उरलेले नाही आणि तो आमच्यावर रुसून बसला आहे.