पेटीतला संगणक आणि काशीचा उन्हाळा

वाराणसीत मे-जूनमध्ये ‘लू’ वाहू लागली की दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा दिवसांत पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक पेटीत घालून, पंख्याविना, अखंड चालवावयाचा असेल, तर त्याची उष्णता बाहेर कशी काढावी हा प्रश्न उभा राहतो. पंखा बसवता येतो. पण धुळीने तो लवकर भरतो.

एकाच फलकावर सर्व भाग बसवलेला ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रथम विक्रीस आला. त्याच्या २०१९ सालच्या चौथ्या आवृत्तीतील प्रोसेसर ८० अंशांपर्यंत तापला की स्वतःची गती कमी करतो. संगणक बंद पडत नाही; काम मात्र रेंगाळते आणि त्याचे कारण बाहेरून दिसत नाही.

येथे थोडे गणित करून पाहू. प्रोसेसर ५ वॅट उष्णता निर्माण करतो असे धरू. खोलीतील हवा २० अंशांवर असेल, तर ८० अंशांपर्यंत ६० अंशांची सवड मिळते. म्हणजे दर वॅटमागे तापमान १२ अंशांनी चढले तरी चालते. हवा ४५ अंशांवर असेल, तर सवड ३५ अंशांचीच उरते. दर वॅटमागे केवळ ७ अंश. म्हणूनच थंड देशात पुरेशी ठरणारी पेटी काशीत अपुरी पडते.

उष्णता वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी बाहेर पडते. अॅल्युमिनिअमची उष्णतावाहकता प्लॅस्टिकच्या सुमारे हजारपट असते, तर स्थिर हवा प्लॅस्टिकहूनही मंदवाहक असते. म्हणून पेटी धातूची असावी आणि प्रोसेसर व धातू यांमधील फट उष्णतावाहक लेपाने भरून काढावी. चकचकीत अॅल्युमिनिअमपेक्षा काळा मुलामा दिलेला पृष्ठभाग कितीतरी अधिक प्रारण करतो.

अभिसरणाचे तत्त्व घाटांमागील गल्ल्यांतल्या जुन्या घरांत पाहावयास मिळते. मराठी वाड्यांप्रमाणेच त्यांनाही मध्ये चौक असतो. तापलेली हवा हलकी होऊन चौकातून वर जाते आणि गल्लीतील सावलीची हवा दारातून आत येते. पेटीलाही असाच मार्ग हवा: खाली भोके, वर भोके, तळाशी बोटभर उंचीचे पाय. धातूच्या पात्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या ठेवल्यास वर जाणारी हवा अडते. पात्यांवर साचलेली धूळ वेळोवेळी झाडावी.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. या उपायांनी प्रोसेसर सभोवतालच्या हवेहून थंड कधीच होणार नाही. बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लागून ठेवलेल्या पेटीला उत्तम धातूही तारू शकत नाही. म्हणून पेटी निवडण्यापूर्वी तिच्यासाठी घरातील गार, मोकळा कोपरा निवडावा.